प्रशिक्षण आणि मशिनरीचं सरकारी अनुदान: ठाणे-नवी मुंबईतल्या लघुउद्योजकांनी या चुका टाळा

अनुदानाचा अर्ज परत आला की वागळे इस्टेटपासून महापेपर्यंत पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "वशिल्याशिवाय काही होत नाही." फाइल उघडून बघितली तर वशिल्याचा संबंध क्वचितच निघतो. बहुतेक वेळा तारखा उलट्या लागलेल्या असतात. मशीन आधी येतं आणि अर्ज नंतर जातो, शिकाऊ मुलगा कामावर आधी रुजू होतो आणि करार महिन्याभराने होतो. सरकारी योजनेत काय केलं याच्याइतकंच कधी केलं हे तपासतात. खालच्या बहुतेक चुका या क्रमाच्याच आहेत.

जिल्हाच चुकतो

नवी मुंबई म्हटलं की सगळा एकच पट्टा वाटतो. पण ऐरोली, रबाळे, महापे, पावणे, तुर्भे हा ट्रान्स ठाणे क्रीकचा औद्योगिक भाग ठाणे जिल्ह्यात येतो आणि तळोजा एमआयडीसी (राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत) रायगड जिल्ह्यात. तळोज्याचा कारखानदार ठाण्याच्या जिल्हा उद्योग केंद्रात फाइल देतो आणि काही आठवड्यांनी 'कार्यक्षेत्राबाहेर' असा शेरा घेऊन परत येतो. दुसरी अडचण मुलुंडची. ऑफिस मुलुंडला, गाळा वागळेला, असे कित्येक उद्योग आहेत. मुलुंड मुंबई उपनगर जिल्ह्यात मोडतं. अनुदानासाठी ऑफिसचा पत्ता धरत नाहीत. उत्पादन जिथे होतं तो पत्ता धरतात.

गाळा भाड्याचा असेल तर नुसता लीव्ह अँड लायसन्स करार पुरत नाही. एमआयडीसीच्या प्लॉटवर पोटभाडेकरू म्हणून राहायला महामंडळाची परवानगी लागते. ती मूळ प्लॉटधारकाने घेतली आहे का, हे मशीनचं कोटेशन मागवण्याआधी विचारा.

उद्यम नोंदणी आहे, पण कशाची?

1 जुलै 2020 पासून उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची केंद्राची ऑनलाइन नोंदणी, सुरू झाली. ती मोफत आहे. सरकारी वाटावं अशा थाटाच्या खासगी संकेतस्थळांवर तिच्यासाठी पैसे घेतात, तिकडे फिरकू नका. एका पॅनवर एकच उद्यम नोंदणी होते. रबाळ्याला दुसरं युनिट टाकलं म्हणून नवी नोंदणी करायची नसते. आहे त्याच नोंदणीत युनिटचा पत्ता जोडायचा असतो. एकाच मालकाचे दोन धंदे एकाच पॅनवर असतील तरी नियम तोच.

त्याहून महागात पडते ती व्यवसायाच्या प्रकाराची नोंद. सुरुवातीला कोणीतरी घाईत 'ट्रेडिंग' निवडलेलं असतं किंवा एनआयसी कोड (व्यवसायाच्या सरकारी वर्गीकरणाचा क्रमांक) भलत्याच मालाचा टाकलेला असतो. फॅब्रिकेशनवाल्याच्या प्रमाणपत्रावर हार्डवेअरची विक्री दिसत असेल, तर मशिनरीच्या अनुदानाची फाइल पहिल्याच टेबलावर अडते. दुरुस्ती पोर्टलवर फुकटात होते, फक्त ती अर्जाच्या आधी झालेली हवी.

1 एप्रिल 2025 पासून वर्गाच्या मर्यादा बदलल्या. सूक्ष्म म्हणजे गुंतवणूक 2.5 कोटी आणि उलाढाल 10 कोटीपर्यंत, लघु 25 कोटी आणि 100 कोटीपर्यंत, मध्यम 125 कोटी आणि 500 कोटीपर्यंत. दोन्ही अटी एकदम लागू होतात. जुन्या हिशेबाने आपण 'लघु' आहोत असं धरून बसलेले अनेक जण आता 'सूक्ष्म' आहेत आणि काही योजनांत सूक्ष्मला जास्त टक्के मिळतात.

बंद झालेल्या योजनेवर गणित मांडणं

"मशीनवर 15 टक्के सबसिडी काढून देतो" असं सांगणारे एजंट अजूनही फिरतात. ती जुनी पतसंलग्न भांडवली अनुदान योजना होती: 1 कोटीपर्यंतच्या कर्जावर 15 टक्के, जास्तीत जास्त 15 लाख. सर्वसाधारण उद्योगांसाठी ती बंद झाली. अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांसाठी 25 टक्के, कमाल 25 लाख, अशी विशेष योजना राष्ट्रीय एससी-एसटी हबखाली आली. भिवंडीच्या यंत्रमागवाल्यांना केंद्राच्या तंत्रज्ञान सुधारणा निधीचं गाजर दाखवलं जातं. ती योजनाही 31 मार्च 2022 ला संपली.

राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेबद्दलही गैरसमज भरपूर. तालुक्यांचे गट पाडलेले आहेत आणि ठाणे-नवी मुंबईचा विकसित पट्टा 'अ' गटात येतो. छत्रपती संभाजीनगरच्या किंवा नाशिक ग्रामीणच्या व्याह्याला मिळालेलं गुंतवणुकीवरचं मोठं प्रोत्साहन वागळेच्या गाळ्याला त्याच दराने मिळेल, हे मनातून काढून टाका. मुरबाड, शहापूरचा गट वेगळा आहे. शासन निर्णयाच्या परिशिष्टात आपला तालुका शोधा, मग पुढची पानं वाचा.

पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाची कर्ज-अनुदान योजना, ही नव्या युनिटसाठी आहे. चालू कारखान्यात सीएनसी (संगणकावर चालणारं) मशीन घ्यायला ती लागू होत नाही. अपवाद एकच. आधी पीएमईजीपी किंवा मुद्रातून उभं राहिलेलं आणि कर्ज वेळेत फेडलेलं युनिट दुसऱ्या कर्जाला पात्र ठरतं. उत्पादनासाठी 1 कोटीपर्यंतचा प्रकल्प, 15 टक्के अनुदान, कमाल 15 लाख. आणि हे पैसे हातात येत नाहीत. ते ठरलेल्या मुदतीपर्यंत बँकेत तुमच्या कर्जाच्या नावे अडकून राहतात, तेवढ्या कर्जावर व्याज लागत नाही, आणि मुदत संपल्यावर ते कर्जात वळते होतात. अनुदानातून कच्चा माल भरू असा बेत असेल तर वही पुन्हा मांडा.

मशीनची फाइल: इथे सर्वात जास्त अडतं

क्रम असा ठेवा. आधी कोटेशन, मग योजनेचा अर्ज किंवा बँकेची मंजुरी (योजनेत जे आधी सांगितलं असेल ते), मग ऑर्डर आणि आगाऊ रक्कम, मग माल, मग बसवणं. प्रदर्शनात सूट मिळते म्हणून मंजुरीआधीच टोकन देणारे बरेच असतात. बँक स्टेटमेंटवर ती तारीख कायमची छापली जाते आणि त्यानंतर कोणताही खुलासा चालत नाही.

बिलावर दोन पत्ते असतात, 'बिल टू' आणि 'शिप टू'. ऑफिसचा पत्ता दोन्हीकडे पडला तर मशीन कारखान्यात आलं याचा पुरावाच उरत नाही. ई-वे बिलावर गाळ्याचा पत्ता, रोड नंबरसकट, जुळला पाहिजे. वागळेत रोड नंबर 16 आणि 22 ची गल्लत झाली तरी तपासणीला आलेला माणूस दुसऱ्याच गेटवर उभा राहतो.

मशीनवरची पत्र्याची नेमप्लेट नीट बघा. सीरियल नंबर बिलावरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळायला हवा. इंग्रजी 'ओ' आणि शून्य यांची अदलाबदल ही नेहमीची भानगड. आयात मशीनवर प्लेट चिनी लिपीत असेल तर पुरवठादाराकडून लेटरहेडवर नंबर लिहून घ्या. मशीन रंगवून घेताना प्लेटवरही ब्रश फिरवणारे कामगार असतात, त्यांना आधीच सांगून ठेवा. बहुतेक योजनांत जुनं, वापरलेलं मशीन चालत नाही, मग ते कितीही नवं दिसो.

पैसे आरटीजीएस किंवा चेकनेच द्या. मोटार, पॅनल, केबल यांचा थोडा भाग रोखीने दिला तर तेवढा भाग पात्र खर्चातून वजा होतो. ज्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) तुम्ही घेणार, तो खर्चात धरू नका. 20 लाखांचं मशीन, 18 टक्के कर म्हणजे 3.60 लाख. अर्जात 23.60 लाख दाखवून नंतर क्रेडिट घेतलं की दाव्याचा आकडा फुगवल्याचा ठपका बसतो.

विजेचं आधी बघा. मोठं मशीन म्हणजे मंजूर भार वाढणार. महावितरणकडे अर्ज, डिमांड नोट, मीटर, यात आठवडे जातात. मशीन आलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळून पडलं, आणि उत्पादन सुरू झाल्याची मुदत उलटून गेली, हे चित्र नवं नाही. कोटेशन हातात आलं त्याच दिवशी भारवाढीचा अर्ज टाका. रासायनिक किंवा रंगाचं काम असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती नव्या क्षमतेसह बदलून घ्यावी लागते. पावणे आणि डोंबिवलीत हा मुद्दा जास्त येतो.

शिकाऊ उमेदवार: मनुष्यबळ मोजण्यापासून चूक

शिकाऊ उमेदवारी कायदा 1961 चा. 30 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ घेणं बंधनकारक आहे, 4 ते 29 वाल्यांना ऐच्छिक. मोजताना कंत्राटी कामगारही धरायचे असतात. पगारपत्रकावर 26 आणि ठेकेदाराचे 14 म्हणजे 40 झाले. "आमच्याकडे 26 च आहेत" हे उत्तर चालत नाही. 40 वर किमान 1, जास्तीत जास्त 6.

राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत केंद्र किमान विद्यावेतनाच्या 25 टक्के देतं, पण महिन्याला 1,500 रुपयांच्या वर नाही. समजा किमान विद्यावेतन 7,000 आहे. 25 टक्के 1,750 होतात, मिळतात 1,500. मालकाला 5,500 द्यायचे. किमान रक्कम 5,000 असेल तर सरकारचे 1,250. जास्त विद्यावेतन दिलं तरी सरकारचा वाटा वाढत नाही. सरकारचे पैसे थेट उमेदवाराच्या खात्यात जातात, कंपनीच्या नाही. त्यामुळे आधी पूर्ण विद्यावेतन देऊन नंतर परतावा येईल या आशेवर बसू नका.

करार शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर 7 दिवसांत चढवायचा असतो. मुलाने 1 तारखेला काम सुरू केलं आणि एचआरने महिनाअखेरीस करार केला तर मधले दिवस कुठेच मोजले जात नाहीत. दर महिन्याला हजेरी आणि तुमच्या वाट्याची रक्कम दिल्याची नोंद पोर्टलवर करा, नाहीतर सरकारचा हप्ता थांबतो. मुलगा सोडून गेला तर करार संपवल्याची नोंदही लगेच हवी. ती राहिली की त्याला पुढच्या कंपनीत करार करता येत नाही आणि फोन तुम्हालाच येतात.

हप्ता न येण्याचं सर्वात मोठं कारण आधार आणि बँक. खात्याला आधार 'लिंक' आहे म्हणजे थेट लाभासाठी ते 'सीड' झालंय असं नाही. केवायसीला दिलेलं आधार वेगळं, एनपीसीआयच्या (बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) नोंदीत जोडलेलं खातं वेगळं. उमेदवाराचं सर्वात शेवटी सीड झालेलं खातं कोणत्या बँकेत आहे ते आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस'मध्ये दिसतं. कित्येकदा ते कॉलेजात शिष्यवृत्तीसाठी उघडलेलं आणि आता बंद पडलेलं खातं निघतं. रुजू होण्याच्या दिवशीच त्याच्या मोबाइलवर हे उघडून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरं कारण नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नाव-वडील-आडनाव, आणि पॅनवर वडिलांचं नाव गाळलेलं. मुलींचं लग्नानंतर आधार बदललेलं आणि आयटीआयचं प्रमाणपत्र माहेरच्या नावावर. पोर्टलवर आधारप्रमाणे नोंद करा आणि फरक असेल तर राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र सुरुवातीलाच घेऊन ठेवा.

ट्रेड (शिकवायच्या कामाचा प्रकार) निवडतानाही घाई होते. आयटीआय न झालेल्या मुलाला 'फिटर'मध्ये घातलं की त्याचं मूलभूत प्रशिक्षण कुठे करणार हा प्रश्न उभा राहतो. आयटीआय झालेल्याला ते लागत नाही. पॅकिंग लाइनवरच्या मुलासाठी ऐच्छिक (कंपनीने स्वतः ठरवलेला) ट्रेड बरा. पदवी-पदविकावाल्यांची योजना वेगळी आहे. ती शिक्षण मंत्रालयाची, पश्चिम विभागाचं मंडळ सायनला आहे, आणि तिच्यात केंद्राचा वाटा किमान विद्यावेतनाच्या निम्मा असतो. दोन्ही पोर्टलवर एकच उमेदवार चढवू नका.

एक गोष्ट कारखानदार विसरतात. शिकाऊ उमेदवाराला ईएसआय (कामगार राज्य विमा) लागू नाही, पण अपघात झाला तर भरपाई मालकाने कायद्याप्रमाणे द्यायची असते. प्रेस शॉपमध्ये शिकाऊ ठेवत असाल तर विमा पॉलिसीत त्यांचा आकडा घाला. सरकारच्या शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय त्यांना ओव्हरटाइमही देता येत नाही.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण आणि झेड

2024 साली सुरू झालेल्या राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीला 6,000, आयटीआय-पदविकेला 8,000 आणि पदवीधराला 10,000 रुपये महिना, तेही थेट प्रशिक्षणार्थ्याला. सुरुवातीला मुदत 6 महिने होती, नंतर 5 वाढवून 11 केली. उत्पादन उद्योगात मनुष्यबळाच्या 10 टक्के, सेवा क्षेत्रात 20 टक्के ही मर्यादा. इथली नेहमीची चूक म्हणजे त्याच मुलाला शिकाऊ उमेदवारीतही दाखवणं. आधार एकच असल्यामुळे ते पकडलं जातं.

झेड प्रमाणपत्राच्या (निर्दोष आणि पर्यावरणाला कमी त्रास देणाऱ्या उत्पादनासाठीच्या केंद्राच्या प्रमाणपत्राच्या) शुल्कावर सूक्ष्मला 80, लघुला 60, मध्यमला 50 टक्के सूट आहे, महिलांच्या मालकीच्या उद्योगांना पूर्ण. ब्राँझ या पहिल्या पातळीचं शुल्क 10,000 रुपये. आधी पोर्टलवर प्रतिज्ञा घ्यावी लागते, ती वगळून थेट ब्राँझचे कागद गोळा करत बसू नका. ब्राँझला 5 निकष आहेत, सिल्व्हरला 14, गोल्डला 20. बरेच सल्लागार ब्राँझसाठीच सिल्व्हरएवढी फी लावतात. निकष मोजा आणि मग भाव करा.

त्रुटीपत्र आलं तर

त्रुटीपत्र म्हणजे नकार नाही, पण त्यावर मुदत असते. फोनवर खुलासा करून भागत नाही. पत्रातल्या मुद्द्यांच्या क्रमानेच लेखी उत्तर द्या, प्रत्येक मुद्द्याला जोडपत्राचा क्रमांक टाका आणि आवक शिक्का असलेली प्रत ठेवा. सीएच्या प्रमाणपत्रात खर्चाची बेरीज आणि बिलांची बेरीज रुपयापर्यंत जुळते का ते स्वतः कॅल्क्युलेटरवर करून बघा. पैसे जमा झाल्यावर सीएला लगेच कळवा: मशीनवर मिळालेलं अनुदान मशीनच्या किमतीतून वजा करून मगच घसारा काढायचा असतो, आणि हे वर्षअखेरीस लक्षात आलं तर सगळा तक्ता पुन्हा करावा लागतो.