हरणाशी नजरानजर झाली तर काय करायचं? येऊरला जाणाऱ्यांसाठी

हरणाच्या डोळ्याला डोळा भिडला की ते उधळतं, हे अर्धंच खरं आहे. नुसत्या नजरेनं चितळ क्वचितच पळतं. ते बिचकतं ते चालता चालता अचानक थांबून, छाती त्याच्याकडे वळवून, एकटक बघत उभ्या राहिलेल्या आकृतीला. बिबट्याही झडप घालण्याआधी असाच थबकतो, आणि हरणाच्या लेखी तुम्ही त्याच जातीचे. नजर हा त्यातला एक भाग. तो सांभाळायचाच, पण वारा आणि हालचाल यांच्यानंतर.

आधी एक गोष्ट उरकून टाकू. शिकाऱ्यांच्या युक्त्या इथे फक्त दुर्बीण आणि कॅमेऱ्यासाठी वापरायच्या. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ठाण्याकडची बाजू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत मारण्याबरोबर सापळा लावणं, त्यासाठी जनावर हाकणं, आमिष टाकणंही येतं. जंगलात शिरताना वनखात्याच्या नाक्यावर परवानगीचं विचारा आणि ठरलेल्या वाटेवरच राहा.

हरणाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना आणि बाहुली आडवी, त्यामुळे पाठीमागची एक पट्टी सोडली तर त्याला जवळपास सगळीकडचं दिसतं. तुम्ही मागून येताय म्हणून त्याला कळणार नाही, हा भ्रम. मात्र स्थिर वस्तूचे बारकावे त्याला नीट दिसत नाहीत. हलणारी वस्तू लगेच दिसते. म्हणूनच शंका आली की ते मान वर-खाली करतं, मग थोडी उजवीकडे, थोडी डावीकडे. समोरचा खुंट आहे की जिवंत काही, आणि किती लांब आहे, याचा ते अंदाज घेत असतं. या वेळी हललात तर खेळ संपला.

रंगांचंही तसंच. लाल-नारिंगी त्याला मळकट दिसतो, पण निळा ठळक दिसतो आणि अतिनील किरणही काही प्रमाणात दिसतात. कपडे शुभ्र दिसावेत म्हणून कपडे धुण्याच्या पावडरीत जे घटक घालतात, ते पहाटेच्या उजेडात हरणाला चमकतात. जीन्स आणि पांढरा टी-शर्ट घरी ठेवा. मातकट किंवा मळकट हिरवे कपडे घाला, तेही रिठ्याच्या पाण्यात धुतलेले. अत्तर आणि वासाचं डासांचं मलम नको. डासांसाठी पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मोजे पुरतात. पिशवीत लसणीच्या चटणीचा वडापाव असेल तर हरणांआधी माकडं तुम्हाला शोधतील.

आता वारा. येऊरचा उतार पूर्वेला आहे. पहाटे गार हवा डोंगरावरून ठाण्याकडे खाली सरकते, म्हणजे पायथ्याच्या उपवन तलावाकडून वर चढताना वारा तोंडावर येतो आणि तुमचा वास मागे राहतो. ही सगळ्यात चांगली वेळ. ऊन उतारावर पडून जमीन तापली की हवा उलटी, वर चढायला लागते आणि तुमचा वास तुमच्या आधी पोहोचतो. दुपारी समुद्राकडचा वारा धारेवरून येतो, पण घळींमध्ये तो गोल फिरतो, त्याचा भरवसा नाही. रिकाम्या छोट्या बाटलीत बिनवासाची टाल्कम पावडर भरा आणि दर शंभर-दोनशे पावलांनी चिमूटभर उडवून बघा. वारा पाठीकडून असेल तर दुसऱ्या ठरलेल्या वाटेनं लांबचा वळसा घ्या किंवा तिथेच बसा. नजर कितीही सांभाळली तरी वास लागलेलं चितळ थांबत नाही.

चालण्याची पद्धत: तीन-चार पावलं, मग अर्धा मिनिट थांबा, पुन्हा दोन पावलं. एकसारखी खर्र-खर्र चाल ही माणसाची ओळख आहे. उन्हाळ्यात सागाची वाळलेली पानं पापडासारखी मोडतात. तेव्हा उघड्या मातीवर किंवा दगडावर पाय टाका, आधी पावलाची बाहेरची कड, मग बाकीचा भाग. पानगळीत चालत हरणामागे जाण्यात अर्थ नाही. वाटेवरच एखाद्या जाड खोडाला पाठ टेकून तासभर बसा. ओल्या पानांचा आवाज होत नाही, पण पावसाळ्यात आणि त्यानंतर कारवीची झुडपं इतकी माजलेली असतात की दहा पावलांवरचंही दिसत नाही.

एवढं करूनही हरणानं मान वर केली आणि सरळ तुमच्याकडे बघितलं, तर जसे आहात तसे थिजा. एक पाय हवेत असेल तर सावकाश टेकवा, बाकी काही नाही. खाली बसू नका, झाडामागे सरकू नका. दिसणारी वस्तू एकाएकी नाहीशी होणं हे हरणासाठी समोर उभं राहण्यापेक्षा वाईट. डोळे अर्धे मिटा आणि नजर त्याच्या पायांशी किंवा शेजारच्या झुडपावर ठेवा. शक्य असेल तर चेहरा एका बाजूला कलता ठेवा, पण हे आधीपासून. बघितल्यावर वळवू नका. दुर्बीण छातीशीच राहू दे, कारण वर येणारे हात आणि दोन चकाकणारी भिंगं ही उघड्या डोळ्यांपेक्षा जास्त बिचकवतात.

मग वाट बघा. दोन मिनिटं, कधी पाच. बहुतेक जण इथेच फसतात: हरीण चरायला मान खाली घालतं, माणूस हलतो, आणि ते मान झटक्यात वर करतं. ती हूल असते. खरंच निवांत झालेलं हरीण ओळखायचं तर तोंड बघा, ते चावत असतं. कान मागे-पुढे सैल हलतात, शेपटी माश्या हाकलते. तोंड थांबलेलं आणि दोन्ही कान तुमच्यावर रोखलेले असतील तर मान खाली असली तरी हलू नका. चितळानं पुढचा पाय आपटला, शेपटी उभी करून खालचा पांढरा भाग दाखवला, तर तुम्ही ओळखले गेलात. सांबरही पाय आपटतं आणि मोठा भोंग्यासारखा आवाज काढतं. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं, ते बराच वेळ. अशा वेळी पुढे जायचा हट्ट सोडा.

पुढे जायचं ठरलंच तर सरळ रेषेत जाऊ नका. ठरलेल्या वाटांपैकी हरणाच्या एका बाजूनं निघून जाणारी तिरकी वाट धरा, डोळे वाटेवर ठेवा. पन्नास मीटरच्या आत जायची गरज नसते, आठ पट मोठं दाखवणारी दुर्बीण तेवढ्यात भरपूर दाखवते. कॅमेऱ्याचा फ्लॅश आणि फोकससाठी लागणारा छोटा दिवा, दोन्ही घरूनच बंद करून निघा. शटर बिनआवाजाच्या मोडवर ठेवा.

एक फरक येऊरमध्ये विसरून चालत नाही. परदेशातल्या हरणांविषयीचे सल्ले वाकून, रांगत जायला सांगतात. इथे बिबट्या आहे, आणि झाडीत वाकलेला किंवा उकिडवा बसलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा वाटू शकतो. उभ्यानंच चाला, बसलात तर पाठ खोडाला किंवा मोठ्या खडकाला हवी. हरीण तुमच्याकडे न बघता तुमच्या पलीकडे एका जागी रोखून बघत पाय आपटत असेल, वानरं खाकरत असतील, तर त्याच्या भीतीचं कारण तुम्ही नाही. कॅमेरा खाली घ्या, सोबत्याजवळ सरका, हरीण बघतंय ती दिशा टाळून वाटेनं परत फिरा. बिबट्या दिसलाच तर पळू नका, पाठ दाखवू नका, उभे राहून सावकाश मागे सरका. संध्याकाळी अंधार पडायच्या बरंच आधी गावाकडच्या डांबरी रस्त्याला लागलेलं असावं.