गावचं घर वादळात, आपण परदेशात

कोकणातल्या घराची कौलं उडाल्याचा फोन आला, की दुबईत बसून लगेच ‘आवरून घ्या’ म्हणू नका. तारा तुटल्या असतील तर महावितरणचा माणूस येईपर्यंत शेजारच्या काकांना अंगणातही पाठवू नका. मग व्हिडिओ कॉल: मोडलेला वासा, भिजलेली भिंत, आडव्या पोफळी, सगळं पडलंय तसंच टिपायचं. ताडपत्री त्यानंतर. पंचनाम्याआधीच पडझड उचलली तर तलाठ्याला दाखवणार काय? २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-मुरुडकडे सरकारी मदतीसाठी पंचनामेच झाले होते. विमा कंपनीला त्याच दिवशी ईमेल. घरपट्टीची पावती फोनमध्ये हवीच. आपल्या वतीने गावातल्या कुणाला सह्या करता याव्यात म्हणून लागणारं मुखत्यारपत्र मात्र पावसाळ्याआधी करा. परदेशात केलेल्यावर भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरावं लागतं.