किल्ल्याचा फोटो सपाट येतोय? मला जमलं ते असं

डोळ्यांना भव्य वाटणारा ग्वाल्हेरचा किल्ला फोटोत मात्र क्षितिजावरची बारीक पट्टी. वर पांढरट आभाळ, खाली वायरी आणि गच्च्या. एचडीआर (कमी-जास्त उजेडाचे फोटो एकत्र जोडणं) करून पाहिलं, रंग गडद केले. वाइड लेन्सने तर किल्ला आणखीच लहान झाला. वैताग नुसता.

शेवटी आधी विषय ठरवला: अख्खा किल्ला नको, फक्त किल्ल्यावरच्या मानमंदिर महालाचे पूर्वेकडचे गोल बुरूज. म्हणून वेळ सूर्योदयानंतरच्या तासाभराची. संध्याकाळी ती बाजू सावलीत असते, आणि आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले लोक नेमके तेव्हाच फिरायला निघतो! हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडे उगवतो, उजेड भिंतीवर तिरपा पडतो, बुरुजांची गोलाई उठते. दाट धुक्याचे दिवस सोडा.

मग लेन्स ८५ मिमीवर (फोनवर ३एक्स) ठेवली आणि झूमला हात न लावता चालत जागा शोधली, समोर एखादं झाड किंवा वाट चौकटीत येईपर्यंत. आभाळ वरच्या एक तृतीयांशात. कोरं असेल तर त्याहून कमी. मग ट्रायपॉड, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८, फोकस बुरुजावर, दोन सेकंदांचा टायमर. बटण दाबण्याआधी चारही कोपरे बघायचे. वायर दिसली तर पाऊलभर बाजूला सरकायचं, नंतर क्रॉप करू म्हणायचं नाही.