प्रकल्प सुरू करण्यापूर्वी जोखीम आणि संधी यांची तयारी

मागच्या प्रकल्पात आमची जोखीम नोंदवही, म्हणजे पुढे काय घडू शकते आणि त्यावर काय करायचे याची यादी, व्यवस्थित भरलेली होती, दर आठवड्याच्या बैठकीत ती उघडलीही जात होती, आणि तरीही हातात आलेले ३ आठवडे आम्ही घालवले. म्हणून पुढचे काम हाती घेण्यापूर्वी काय तयार असले पाहिजे, ते लिहून ठेवत आहे.

उद्दिष्टे, मुदत आणि खर्चाची मर्यादा लेखी हवी. नोंदवहीही बहुतेक ठिकाणी असते, पण तिच्यातली वाक्ये तपासून घ्या. ‘मनुष्यबळाची अडचण’ ही जोखीम नव्हे, तो नुसता मथळा झाला. ‘डेटा स्थलांतराचे काम एकाच व्यक्तीला येते; ती मध्येच सोडून गेली तर स्थलांतर थांबेल आणि चाचणीची तारीख पुढे जाईल’ असे कारण, घटना आणि परिणाम यांसह लिहिले, की उपाय कुठे करायचा ते लगेच दिसते.

आता संधीकडे या, कारण आम्ही चुकलो ते इथेच. जोखीम व्यवस्थापनाच्या आयएसओ ३१००० या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २००९ आणि २०१८ या दोन्ही आवृत्त्यांनी जोखमीची व्याख्या ‘उद्दिष्टांवर होणारा अनिश्चिततेचा परिणाम’ अशी केली आहे, आणि हा परिणाम अनुकूलही असू शकतो. त्यामुळे संधीची नोंदही त्याच वहीत व्हायला हवी. आम्ही ती केली होती. चाचणीचे सर्व्हर लवकर मिळण्याची शक्यता लिहिलेली होती, उपायाच्या रकान्यात ‘लाभ घ्यावा’ असे होते, आणि जबाबदार व्यक्तीचा रकाना रिकामा होता. सर्व्हर खरोखरच लवकर मिळाले, तसा मेल सगळ्या टीमला आला आणि प्रत्येकाला वाटले की दुसरा कोणीतरी बघेल. चाचणीचा डेटा तयार नव्हता, चाचणी करणारे दुसऱ्या कामात होते, आणि सर्व्हर ३ आठवडे तसेच पडून राहिले.

म्हणून प्रत्येक संधीपुढे एका व्यक्तीचे नाव लिहा. टीमचे नाही, विभागाचे नाही, एका व्यक्तीचे. शेजारी ती संधी घ्यायची असल्यास निर्णयाची शेवटची तारीख आणि त्याआधी कोणती तयारी लागेल तेही लिहा. धोका प्रत्यक्षात आला की काम अडते आणि कोणी ना कोणी धावतेच. संधी निघून गेली तर काहीच अडत नाही, म्हणून त्या दिवशी ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

आकडेमोड साधी ठेवा, पण तिचा अर्थ नीट समजून घ्या. १० दिवसांच्या विलंबाची शक्यता २० टक्के असेल तर अपेक्षित विलंब २ दिवस येतो. मात्र प्रत्यक्षात विलंब होईल तो १० दिवसांचा, नाहीतर होणारच नाही. त्यामुळे असे सरासरीचे दिवस अनेक जोखमी एकत्र धरून राखीव वेळ ठरवण्यासाठीच वापरा. संधीमुळे वाचणारे दिवस त्यातून वजा करण्याचा मोह होतो. जिच्यापुढे नाव नाही अशा संधीचा एकही दिवस वजा करू नका.

उपाय ठरवताना एक इशारा: विमा किंवा करारातला दंड यांनी पैशाचे नुकसान दुसऱ्याकडे जाते, पण हुकलेली मुदत आपल्याकडेच राहते. प्रत्येक नोंदीला पूर्वसूचनेची खूणही हवी, म्हणजे काय दिसले की हालचाल करायची ते आधीच ठरलेले असते.

काम सुरू झाल्यावर जुन्या नोंदी बंद करा, नव्या घाला, आणि कामाच्या व्याप्तीत बदल झाला की वही पुन्हा वाचा. जबाबदार व्यक्ती रजेवर गेली किंवा बदलली, तर त्याच दिवशी नवे नाव घाला. संधीच्या नोंदींत तर सर्वांत आधी. शेवटच्या टप्प्यात न लागलेला राखीव निधी मोकळा करा आणि हुकलेल्या संधी तारखेसह नोंदवा.