फ्रायबुर्गला येऊन राहिले ना? मग कचरा अन् हीटरचं आधी वाचून घ्या

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला अन् तेव्हापासून आपल्याकडून येणारे फोन काही बंद होत नाहीत. दारव्ह्याची नर्सिंग झालेली पोरगी, मंगरूळपीरचा आयटीआय इलेक्ट्रिशियन, आर्णीकडचं कोणी, कधी त पोराचा बापच फोन करते की ताई तिथं पोट्ट्याच्या खाण्यापिण्याचं कसं. खाण्यापिण्याचं होते बाप्पा बरोबर, तूरडाळ भेटते, तांदूळ भेटते, ठेच्याची मिरची पण भेटते. व्हिसा, भाषेची परीक्षा, बँक हे सांगणारे यूट्यूबवर ढिगानं पडले आहेत, ते मी सांगत नाही. मी सांगणार आहे कचरा कुठं टाकायचा, हीटर कसा चालवायचा अन् खिडकी कधी उघडायची. हसू नका. इथं शेजाऱ्याशी पहिला खटका कचऱ्यावरून उडते अन् पगारात पहिला मोठा खड्डा हीटरनं पडते.

पहिले शहराचं थोडं सांगते म्हणजे ही माणसं एवढी काटेकोर का ते समजेल. फ्रायबुर्ग म्हणजे याच राज्यातलं सव्वादोन-अडीच लाख वस्तीचं शहर, ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगराला लागून, फ्रान्सची बॉर्डर जवळच. जर्मनीतल्या सगळ्यात जास्त ऊन पडणाऱ्या शहरांपैकी एक, असं इथले लोक अभिमानानं सांगतात, आता आपण अकोल्याचा मे काढलेली माणसं, आपण नुसतं हो म्हणायचं. तर इथून उत्तरेला तीसेक किलोमीटरवर व्हील नावाचं गाव आहे. तिथं अणुवीज प्रकल्प होणार होता. १९७५ च्या फेब्रुवारीत आजूबाजूचे द्राक्षवाले शेतकरी, बायामाणसं, म्हातारे सगळे जाऊन त्या जागेवर बसले. त्यांचं म्हणणं सरळ होतं, कुलिंग टॉवरच्या वाफेनं धुकं वाढेल, ऊन कमी होईल अन् आमची द्राक्षं जातील. फ्रायबुर्गचे विद्यार्थी त्यांना येऊन मिळाले, महिनोन्महिने जागा सोडली नाही, अन् शेवटी तो प्रकल्प झालाच नाही, आज तिथं राखीव जंगल आहे.

मला यातला पुढचा भाग जास्त आवडते. आंदोलन जिंकल्यावर लोक घरी जाऊन झोपले नाहीत, प्रकल्प नको म्हणता त वीज कुठून आणणार हा प्रश्न त्यांनी अंगावर घेतला. १९७७ मध्ये इथं ओको-इन्स्टिट्यूट नावाची पर्यावरणावर संशोधन करणारी संस्था उभी राहिली, १९८१ मध्ये फ्राउनहोफर या मोठ्या संशोधन संस्थेची सौरऊर्जेची शाखा सुरू झाली, अन् १९९२ पासून शहरानं आपल्या मालकीच्या जमिनीवर बांधणाऱ्याला अट घातली की घर कमी ऊर्जा खाणारंच पाहिजे. आपल्या विदर्भात कोराडी, खापरखेडा, पारस, चंद्रपूर एवढे मोठे कोळशाचे प्लांट, अन् शेतकरी रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जाते. त्यामुळे हा किस्सा मी गावाकडं कोणालाही सांगितला की समोरचा थोडा वेळ गप्प होते. असो. सांगायचं हे की इथली शिस्त रक्तात वगैरे काही नाही, लोक भांडले, मग नियम आले, अन् नियमाला पैसे जोडले. पैशाचं पुढं येतेच.

आता कचरा. बिल्डिंगच्या मागं नाहीतर गेटजवळ टाक्या राहतात अन् त्या सगळ्या घरांच्या सामायिक राहतात, हे पहिले डोक्यात ठेवा. ओला कचरा तपकिरी टाकीत, कागद-पुठ्ठा वेगळ्या टाकीत, प्लास्टिकची पाकिटं, दुधाचे खोके, डबे, अल्युमिनियमची फॉइल पिवळ्या थैलीत, अन् उरलेलं काळ्या-राखाडी टाकीत. कागदाच्या टाकीचा रंग गावागणिक बदलते म्हणून रंग पाठ करू नका, टाकीवरचं लेबल वाचा. काचेच्या बाटल्या घरच्या टाकीत जात नाहीत, चौकात मोठे कंटेनर राहतात, पांढरी काच वेगळी, हिरवी वेगळी, तपकिरी वेगळी, अन् रविवारी तिथं काच टाकायची नाही कारण आवाज होते. रविवारी इथं आवाजाला फार भाव आहे, ड्रिल मशीनही चालवायची नाही.

व्हिडिओ कॉलवर आईला हे दाखवलं त म्हणे, "अवं, एका घराले चार-चार डबे कायले लागते, तिथं माणसं किती कचरा करते?" तिचं बरोबर आहे. आपल्या वाड्यात कचरा होता कुठं? सालपट गाईपुढं, शेण अन् झाडलोट उकिरड्यावर, पऱ्हाटी चुलीत, राख भांडे घासायला, लोखंड-बाटल्या भंगारवाल्याकडं, अन् उकिरडा पावसाळ्याआधी शेतात. वेगळं करायची सवय आपल्याला जन्मापासून आहे, ती मोडली पुड्या अन् पॉलिथीननं. त्यामुळे घाबरायचं काम नाही, इथली तपकिरी टाकी म्हणजे उकिरडाच समजा, जे उकिरड्यावर टाकताना आजीनं हात धरला असता ते त्या टाकीत टाकायचं नाही.

यात आपली पोरं फसतात ती पिशवीवर. ओला कचरा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पिशवीसकट टाकून देतात. चालत नाही. ज्या पिशवीवर 'विघटनशील' लिहिलं आहे ती पण बहुतेक ठिकाणी चालत नाही, कारण प्लांटमध्ये ती वेळेत सडत नाही. जुन्या पेपरात गुंडाळा नाहीतर कागदी पिशवी घ्या. टाकीत पिशव्या दिसल्या की गाडीवाले टाकी तशीच ठेवून जाऊ शकतात, मग ती अख्ख्या बिल्डिंगची अडचण होते, अन् बिल्डिंगमधले लोक सगळ्यात नवीन माणसाकडं पाहतात, तुम्ही केलं असो का नसो. या ओल्या कचऱ्यातून गॅस काढतात, त्यातून वीज अन् उष्णता. उरलेला काळ्या टाकीतला कचरा जाळतात, कारण १ जून २००५ पासून जर्मनीत घरचा कचरा प्रक्रिया न करता डंपिंग ग्राउंडवर टाकायला बंदी आहे. शहराचं आइशेलबुक नावाचं जुनं डंपिंग ग्राउंड आहे, त्या टेकडीवर आता सोलर पॅनल लावले आहेत.

अन् पैशाचं म्हटलं होतं ते हे. काळ्या टाकीची फी घरभाड्यासोबतच्या खर्चात तुमच्याच खिशातून जाते, टाकी मोठी त फी मोठी. पिवळ्या थैलीची वेगळी फी नाही, कारण १९९१ च्या कायद्यापासून पॅकिंगचा कचरा उचलायचा खर्च माल विकणाऱ्या कंपन्यांवर टाकला आहे, म्हणजे बिस्किटाचा पुडा घेतानाच तुम्ही तो दिलेला राहते. मग दिलेल्या पैशाची सोय सोडून तेच प्लास्टिक काळ्या टाकीत टाकून दुसऱ्यांदा कशाला भरायचं?

पाण्याच्या अन् थंड्याच्या बहुतेक प्लास्टिक बाटल्यांवर, टिनच्या डब्यांवर २५ सेंट डिपॉझिट राहते, फांड म्हणतात त्याला. बाटली चेपू नका, लेबल फाडू नका, सुपरमार्केटमध्ये मशीन आहे तिच्यात टाका, चिठ्ठी निघते, ती काउंटरवर दाखवा. बिअरच्या काचेच्या बाटलीला साधारण ८ सेंट. (हे कोणाकोणाच्या कामाचं आहे ते मला माहीत आहे, घरी सांगत नाही.) नळाचं पाणी एकदम चांगलं आहे, पाणी विकत घ्यायचं काम नाही. चहा-कॉफी सोबत न्यायला इथं २०१६ मध्ये फ्रायबुर्ग कप निघाला होता, एक युरो डिपॉझिट, कोणत्याही सामील दुकानात परत करायचा.

जुन्या बॅटऱ्या दुकानात, मोबाईल-चार्जर-इस्त्री मोठ्या इलेक्ट्रॉनिक दुकानात घेतात, घ्यावंच लागते त्यांना. फोडणीचं तेल सिंकमध्ये ओतू नका. फर्निचर टाकायचं त त्याची वेगळी वेळ घ्यावी लागते, पण त्याच्या आधी रस्त्यानं फिरा, लोक चांगल्या वस्तू खोक्यात घालून 'त्सु फेरशेंकन' लिहून ठेवतात, म्हणजे फुकट घेऊन जा. खुर्ची, कढई, पुस्तकं, सगळं भेटते, लाजू नका, प्राध्यापकही उचलतात.

आता हीटर, अन् हे नीट वाचा कारण इथं खरा पैसा जाते. भिंतीला रेडिएटर राहते, त्याच्या नॉबवर १ ते ५ आकडे. ३ म्हणजे खोली साधारण २० डिग्री. थंडीत बाहेरून आलेला माणूस सरळ ५ वर फिरवते, त्याला वाटते लवकर गरम होईल. लवकर होत नाही, वेग तोच राहते, फक्त खोली २० वर थांबायच्या ऐवजी पुढं तापत जाते अन् तुम्ही बनियनवर बसता. एक डिग्री कमी ठेवली त साधारण ६ टक्के ऊर्जा वाचते असा इथला हिशोब आहे. घरात स्वेटर अन् मोजे घाला, इथं सगळेच घालतात. बाहेर जाताना पूर्ण बंद करू नका, थोडं कमी करा, नाहीतर भिंती थंड पडतात अन् ओल धरते.

ओल म्हणजे शिमेल, बुरशी. इथली घरं हवाबंद राहतात, दार-खिडकीला रबर, डबल नाहीतर ट्रिपल काच. आपण करतो वरण-भात, कुकरच्या शिट्ट्या, कपडे वाळवतो खोलीत, वरून गरम पाण्याची आंघोळ, सगळी वाफ घरातच राहते अन् कोपऱ्यात काळे डाग पडतात. मग घरमालक म्हणते तुम्ही हवा खेळती ठेवली नाही, डिपॉझिटमधून कापतो. यावर उपाय एकच, दिवसातून दोन-तीन वेळा हीटर बंद करून खिडक्या सताड उघडायच्या, पाच-दहा मिनिटं, समोरासमोरच्या असल्या त आणखी चांगलं, मग बंद. खिडकी तिरपी करून दिवसभर ठेवायची सवय लय वाईट, हवा बदलत नाही अन् गरमी सगळी जाते. स्वयंपाक करताना दार लावून घ्या, छताला धुराचा अलार्म राहते, मिरचीची फोडणी दिली की तो बोंबलू शकते, अन् कोणीही तो काढून कपाटात ठेवायचा नाही, तो कायद्यानं लागते.

बिल कसं येते ते समजून घ्या. भाडं दोन प्रकारचं, थंड अन् गरम, गरम भाड्यात हीटरचा अंदाजे खर्च आलेला राहते. शब्द आहे अंदाजे! वर्षाच्या शेवटी खरा हिशोब होते, त्यात ५० ते ७० टक्के वाटा तुमच्या रेडिएटरवरच्या मीटरप्रमाणे अन् बाकी घराच्या क्षेत्रफळाप्रमाणे. घरमालकाला हिशोब पाठवायला वर्ष संपल्यावर आणखी १२ महिने भेटतात, त्यामुळे मागच्या जानेवारीत ५ वर चालवलेल्या हीटरचे पैसे तुम्ही विसरून गेल्यावर मागायला येते. दर महिन्याला थोडे पैसे बाजूला टाकत जा. अन् बिल पाहून लगेच भरू नका, भाडेकरूंची संघटना प्रत्येक शहरात राहते, वर्गणी भरून मेंबर व्हा, ते कागद तपासून देतात, चुका निघतात.

विजेचा करार बहुतेक वेळा वेगळा, तुमच्या नावावर. किल्ली हातात आली की पहिले मीटरचा फोटो काढा, तारीख दिसेल असा. तुम्ही काहीच निवडलं नाही त गावच्या मूळ कंपनीच्या सर्वसाधारण दरावर तुम्ही आपोआप जाता अन् तो बहुतेक महाग राहते. युनिटला ३० ते ४० सेंट धरून चाला. म्हणजे दोन हजार वॅटचा इलेक्ट्रिक हीटर पाच तास चालवला की दहा युनिट, तीन-चार युरो एका संध्याकाळचे. तो फुकट भेटला तरी घेऊ नका. पगार कमी असेल त कारितास या चर्चच्या सेवाभावी संस्थेचा 'श्ट्रोमश्पार-चेक' म्हणजे वीजबचतीची तपासणी आहे, घरी येऊन वीज कुठं जाते ते फुकट तपासतात, एलईडी बल्ब वगैरे देऊन जातात.

इलेक्ट्रिशियन पोट्ट्यांसाठी एक गंमत, इथं बाल्कनीला लटकवायचं सोलर भेटते, ८०० वॅटचा इन्व्हर्टर, प्लग सॉकेटमध्ये घातला की घरातच वीज येते. सरकारी पोर्टलवर नोंद करावी लागते. ऑक्टोबर २०२४ पासून भाडेकरूला याचा हक्क आहे, घरमालक उगाच नाही म्हणू शकत नाही, पण विचारायचं मात्र पहिले. सुट्टीच्या दिवशी ट्राममध्ये बसून फ्रायबुर्गमधल्याच वोबान भागात जा. फ्रेंच फौजेची छावणी होती ती, १९९२ मध्ये फौज गेली अन् तिथं नवीन वस्ती झाली, गाड्या वस्तीच्या कडेला पार्किंगमध्ये, मधात पोरं खेळतात. शेजारी छपरभर सोलरवाली घरं आहेत, वर्षाला खातात त्याच्यापेक्षा जास्त ऊर्जा बनवणारी. आर्किटेक्ट रोल्फ डिश यांचं १९९४ चं हेलिओट्रोप नावाचं घर पण त्याच भागात आहे, उन्हामागं गोल फिरते.

स्टुटगार्टकडे नोकरी लागली त तिथं केअरवोखे नावाचा प्रकार राहते, आठवड्याच्या पाळीनं जिना अन् समोरचा फुटपाथ झाडायचा. पाटी तुमच्या दाराला लटकली की तुमची पाळी. गाडगेबाबांच्या अमरावती जिल्ह्यातून आलेल्या माणसाला झाडू हातात घ्यायची लाज वाटू नये, पण काही जणांना वाटते, मी पाहिलं आहे, अन् मग जिन्यात कोणी नमस्कार करत नाही.

सामानात काय आणू विचारता, त कुकर आणा, दोन शिट्ट्या अन् रबर जास्तीचे आणा, मसाला आईच्या हातचा आणा. पाणी तापवायचा रॉड अन् घरची इलेक्ट्रिक शेगडी आणू नका, इथल्या सॉकेटला ती पिन नीट बसत नाही, अन् काही जळलं त विम्यावाला पहिले तेच विचारते.