मुलांच्या प्रश्नावर निवेदन घेऊन मंत्रालयात निघालात? आधी या चुका टाळा

मंत्र्यांच्या हाती निवेदन देतानाचा फोटो छान येतो. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या पानावर बातमीही लागते. मग सहा महिने काहीच होत नाही आणि आपण 'सरकारला मुलांचं काही पडलेलं नाही' म्हणून मोकळे होतो. कधी ते खरंही असतं. पण बऱ्याचदा आपला कागदच असा असतो, की त्यावर कुणाला काही करताच येत नाही.

निवेदनाचा खरा वाचक मंत्री नसतो. ते पीएकडून विभागात जातं आणि शेवटी एखाद्या कक्ष अधिकाऱ्याच्या टेबलावर येतं. त्याला त्यावर टिप्पणी लिहायची असते: मागणी नेमकी काय, सध्याचा नियम काय म्हणतो, खर्च किती आणि तो कुठल्या लेखाशीर्षातून, म्हणजे अर्थसंकल्पातल्या कुठल्या खात्यातून. ही उत्तरं तुमच्या दोन पानांत सापडली तर फाइल वर चढते. 'बालकांवरील अन्याय थांबवा' एवढंच असेल, तर ती कपाटात जाते. त्याचा राग धरून उपयोग नाही.

'कडक कायदा करा' ही मागणी

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. बालविवाहाचं उदाहरण घ्या. प्रतिबंधाचा कायदा २००६ चा आहे. आपल्याकडे गावातला ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. परभणीत हा आकडा ४८ टक्के. म्हणजे कायदा आहे, अधिकारी आहे आणि लग्नंही लागताहेत. ज्या ग्रामसेवकाला त्याच गावात पाच वर्षं काढायची आहेत, तो सरपंचाच्या पुतणीचं लग्न थांबवेल का, हा खरा प्रश्न आहे.

मग मागायचं काय? गावात सातवीपर्यंतच शाळा आहे, पुढची शाळा नऊ किलोमीटरवर, मुलींना एसटीचा मोफत पास आहे, पण शाळा सुटल्यावर त्या बाजूला गाडीच नाही. अशा ठिकाणी 'साडेपाचची फेरी सुरू करा' ही बालविवाहाविरुद्धची मागणी आहे. ऐकायला फारच किरकोळ वाटते. पण ती मान्य झाली की नाही, हे कुणालाही रस्त्यावर उभं राहून बघता येतं.

आहे त्या योजनेची रक्कम वाढवून घेणं हेही असंच बिनझगमगाटाचं काम. करोनात पालक गमावलेल्या मुलांसाठी आणि एकल महिलांसाठी कार्यकर्त्यांनी राज्यभर पाठपुरावा केला. त्यात बालसंगोपन योजनेच्या, म्हणजे अशा मुलांच्या सांभाळासाठी दरमहा मिळणाऱ्या अनुदानाचा मुद्दा सतत लावून धरला. २०२३ च्या अर्थसंकल्पात ते महिना ११०० वरून २२५० रुपये झालं. नवा कायदा नाही, नवं महामंडळ नाही, फक्त आकडा बदलला.

घटना घडल्यावरच जागं होणं

ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं कळल्यावर बदलापूर पेटलं, लोक रुळांवर उतरले. त्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता, फाशी. आईबापांचा तो संताप कुणाला समजणार नाही? पण धोरणाच्या बाजूने पाहिलं तर दुसरीच गोष्ट अस्वस्थ करते. शाळाशाळांत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती नेमा, असं सांगणारा शासन निर्णय २०२२ चाच होता. म्हणजे उपाय कागदावर अडीच वर्षं पडून होता. घटनेनंतर आठवडाभरात सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी यांचा नवा जीआर निघाला.

अशा वेळी 'शिक्षा वाढवा' म्हणणं सरकारलाही सोयीचं असतं, कारण त्याला लगेच पैसे लागत नाहीत. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये शक्ती विधेयक मंजूर केलं, त्यात बलात्काराला फाशीपर्यंतची तरतूद होती. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अडकून पडलं. त्याच काळात आपण साधे प्रश्न लावून धरायला हवे होते: समिती नेमली की नाही हे तपासायला कोण जातं? गटशिक्षणाधिकारी जातात का, की शाळेने भरलेला तक्ताच वर पाठवतात? तक्रारपेटीची किल्ली कुणाकडे असते? (मुख्याध्यापकांकडे, असं उत्तर आलं की तिथेच थांबा. तुम्हाला पुढचं निवेदन मिळालं.)

चुकीचं दार

'मुलं' नावाचा एकच विभाग सरकारात नाही. अंगणवाडीचं काम एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या नवी मुंबईतल्या आयुक्तालयाकडे. बालगृहं आणि निराधार किंवा संकटातल्या मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या बालकल्याण समित्या पुण्याच्या महिला व बालविकास आयुक्तालयाकडे. आदिवासी आश्रमशाळेचा प्रश्न नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयाचा. भटक्या-विमुक्तांच्या आश्रमशाळांचा विभाग पुन्हा वेगळा. हॉटेलात कपबश्या धुणाऱ्या पोराचा विषय कामगार विभागाचा, पण त्याला तिथून सोडवल्यावर तो बालकल्याण समितीसमोर. निवेदन चुकीच्या दारात गेलं तर 'हा विषय या विभागाशी संबंधित नाही' एवढं उत्तर यायला तीन महिने लागतात.

बालहक्क संरक्षण आयोगाबद्दलही गैरसमज फार. आयोग चौकशी करू शकतो, अधिकाऱ्याला बोलावून घेऊ शकतो, शिफारस करू शकतो, उच्च न्यायालयात जाऊ शकतो. स्वतः आदेश काढून पदं भरू शकत नाही. म्हणून आयोगाकडे गेलात तरी संबंधित विभागाचं दार सोडू नका.

आणि प्रत्येक गोष्टीसाठी मुंबई कशाला? ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे १० टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करायचे असतात. जिल्हा वार्षिक योजनेतही ३ टक्के निधी महिला व बालविकासासाठी राखलेला असतो. तो कुठे गेला, हे पालकमंत्र्यांना विचारायला एसटीचं तिकीट पुरतं.

मुलाचं नाव, चेहरा, शाळा

ही चूक मी स्वतः केली आहे. सुरुवातीच्या काळात एका मुलीच्या प्रकरणाचं गांभीर्य कळावं म्हणून निवेदनाला एफआयआरची प्रत जोडली. ती सात टेबलांवरून फिरली. कुणीतरी मोबाइलवर फोटो काढला आणि चार दिवसांत तो तिच्याच गावच्या ग्रुपवर आला. त्या आईने मला फोन केला, एकच वाक्य बोलली आणि ठेवून दिला. ते वाक्य इथे लिहिणार नाही.

मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याचं कलम २३ आणि बालन्याय कायद्याचं कलम ७४ दोन्ही हेच सांगतात: ओळख उघड करायची नाही. कलम ७४ मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नाव गाळलं, पण गाव, इयत्ता, वडिलांचा धंदा लिहिला, तर लहान गावात ते नाव लिहिल्यासारखंच. वय आणि तालुका पुरे. खरं तर बहुतेक धोरणाच्या मागणीला एका मुलाची गोष्ट लागतच नाही, मोजणी लागते. डॉ. अभय बंग आणि राज्यातल्या तेरा संस्थांनी गावोगाव बालमृत्यू मोजले आणि २००१ मध्ये अहवाल काढला. सरकारी नोंदीपेक्षा ते कितीतरी जास्त निघाले. कुणाचं नाव न घेता तो अहवाल इतका बोलला, की सरकारने डॉ. बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली.

वेळ चुकणं

अर्थसंकल्प मार्चमध्ये मांडतात, म्हणून फेब्रुवारीत निवेदन देणारे पुष्कळ. तोवर विभागांचे प्रस्ताव वित्त विभागाकडे जाऊन बसलेले असतात. दिवाळीच्या आसपासच कागद आत जायला हवा. मार्च हुकला तर पावसाळी आणि नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या, म्हणजे वर्षाच्या मधल्या जादा खर्चाच्या मागण्या असतात.

ऊसतोडीच्या मुलांचं तर विचारूच नका. टोळ्या दसरा-दिवाळीनंतर गाव सोडतात. आजी-आजोबांजवळ राहणाऱ्या पोरांसाठी हंगामी वसतिगृह त्याच आठवड्यात सुरू व्हायला हवं. मंजुरी डिसेंबरात आली तर मूल तोवर आईबरोबर फडात पोचलेलं असतं. म्हणजे बीडमधल्या कार्यकर्त्याने याद्या गणपतीआधीच तयार ठेवायच्या.

निवेदन दिलं, उत्तर नाही. आता?

पहिलं, आवक क्रमांक, म्हणजे कार्यालयाने पत्र मिळाल्याची नोंद करून दिलेला क्रमांक, घेतलात का? तो नसेल तर निवेदन दिलंच नाही असं समजा आणि पुन्हा द्या. क्रमांक असेल तर महिनाभराने माहिती अधिकाराचा अर्ज टाका. 'काय कार्यवाही केली' असं मोघम विचारू नका, 'या क्रमांकाच्या पत्रावरील टिप्पणीची प्रत द्या' असं मागा. आपल्या राज्यात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर बसवावा लागतो, हे लक्षात ठेवा. टिप्पणी हाती आली की फाइल कुणी, कुठे आणि का अडवली ते कळतं. मग ती प्रत घेऊन आमदाराकडे जा. नुसत्या तक्रारीवर आमदार मान डोलावतो, टिप्पणीच्या प्रतीवर तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, तयार होतो. मंत्र्याने सभागृहात 'तीन महिन्यांत करू' म्हटलं, तर ते विधिमंडळाच्या आश्वासन समितीच्या नोंदीत जातं आणि विभागाला त्याचा हिशेब द्यावा लागतो.

आणि जीआर निघालाच, तर पेढे वाटण्याआधी तो शेवटपर्यंत वाचा. 'करता येईल' लिहिलंय की 'करावे', ते बघा. मग खर्चाचा परिच्छेद शोधा. 'यासाठी येणारा खर्च उपलब्ध तरतुदीतून भागवावा' असं असेल, तर नवा पैसा आलेला नाही. पुढचं निवेदन त्या एका ओळीवर लिहा.