केळ्यापेक्षा खत बरे: अणुकेंद्रीय भौतिकीचा प्रकल्प निवडताना
बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प निवडताना विषय किती भारदस्त वाटतो यापेक्षा तो महाविद्यालयातील गायगर-म्युलर गणित्रावर (किरणोत्सार मोजणाऱ्या उपकरणावर) पुरा होईल का, हे आधी पाहावे. रावेर-यावलकडच्या, केळीच्या बागांच्या भागातल्या विद्यार्थ्याला केळ्यातील पोटॅशियम-४० (पोटॅशियमचे किरणोत्सारी समस्थानिक) मोजण्याचा मोह होतोच. परंतु एका केळ्यात सेकंदाला जेमतेम १५ अणुकेंद्रांची विघटने होतात आणि त्यांतून गणित्राच्या नळीपर्यंत पोहोचणारे थोडके किरण पार्श्वभूमीच्या (परिसरात एरवीही असणाऱ्या किरणोत्साराच्या) मोजणीत हरवून जातात. त्याच बागेला घातले जाणारे म्युरेट ऑफ पोटॅश (पोटॅशियम क्लोराइड) हे खत मात्र एका ग्रॅमलाच जवळपास तेवढी विघटने देते, म्हणून ते बारीक कुटून, पातळ थरात, नळीच्या अभ्रकी खिडकीसमोर ठेवावे. गणित्राच्या १०० नोंदींत सांख्यिक अनिश्चितता १० टक्के राहते, ती १ टक्क्यावर आणण्यास १०,००० नोंदी लागतात. तेवढ्या नोंदींना लागतील तितके तास प्रयोगशाळा उघडी मिळेल का, हे परिचरांना (किल्ली त्यांच्याकडेच असते) अगोदर विचारून ठेवावे.